तिजोरी आणि हिशेब

आमचे शेंदूरजनाघाट हे गाव अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकास, वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. संत्र्यांच्या बागा आणि जंबेरीच्या खुंटावर बांधलेली संत्र्याची कलमे ही त्याची ओळख. अशा आडबाजूच्या गावातील एका निवृत्त शाळामास्तराने देशाच्या अर्थखात्याविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. परंतु अलीकडच्या काही वर्षांत बांगलादेशाच्या सरकारने संत्र्यांवरील आयातकर वाढवीत नेला, आणि ढाक्यात निघालेल्या त्या हुकुमांनी आमच्या बागाईतदाराच्या फळाचा भाव उतरला. तेव्हापासून तिजोरीवर बसलेल्या माणसाचा हात किती लांब पोहोचतो, याची चर्चा आमच्या पारावरही होऊ लागली आहे.

अर्थखाते म्हणजे सरकारची पेटी आणि तिची किल्ली ज्याच्या कमरेस तो अर्थमंत्री, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण पेटी तर प्रत्येक राजापाशी होती, सावकारापाशी होती, आणि पेंढाऱ्यांच्या पुढाऱ्यापाशीही असलीच पाहिजे. मग त्यांच्या पेटीत आणि राष्ट्राच्या अर्थखात्यात अंतर कोणते? माझ्या अल्प बुद्धीस ते एकच दिसते. पेटीत पैसा कोठून आला व कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार ज्यांचा पैसा त्यांस असेल, तरच तिला अर्थखाते म्हणावे. हा अधिकार आपणांस कसा मिळाला, याची हकीकत आज सांगावयाची आहे. आणि तिचे एक फार महत्त्वाचे प्रकरण खुद्द आपल्या वऱ्हाडातच घडलेले आहे.

प्रथम एक घरगुती गोष्ट सांगतो. मी मॅट्रिक होऊन नुकताच शिक्षक झालो होतो. शाळेची किरकोळ खर्चाची वही माझ्याकडे आली. एका महिनाअखेर शिलकेत सात रुपये कमी भरले. दोन रात्री बेरजा करून थकलो आणि तिसऱ्या दिवशी पदरचे सात रुपये पेटीत टाकून मोकळा झालो. आमच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानात ते कसे आले, देव जाणे. त्यांनी मला बोलावून ते पैसे परत दिले व म्हणाले, "मास्तर, तूट आधी वहीत लिहा, मग भरा. न लिहिता भरली तर ती तुमची चूक राहत नाही, शाळेची सवय होते." त्या दिवशी मला राग आला होता. पुढे इतिहास वाचताना त्या बोलण्याचा अर्थ थोडाथोडा उलगडत गेला.

हिशेबाची शिस्त आपल्याकडे परकी नव्हती. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मुजुमदार हा राज्याचा जमाखर्च तपासणारा प्रधान होता. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या समयी फारसी पदनामे जाऊन संस्कृत नावे आली, तेव्हा त्याचा अमात्य झाला. पेशवाईत ज्यांच्या बुद्धीचा दरारा हिंदुस्थानभर होता, त्या नानांचे फडणीस हे पद मुळात दप्तराचे आणि हिशेबाचेच होते. मात्र हा सर्व हिशेब खालून वर, म्हणजे धन्याकडे जात असे. रयतेने धन्यास हिशेब विचारावा, ही कल्पना त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी रुजली होती.

आता वऱ्हाडाकडे वळू. १८०० साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्ये जो तह झाला, त्याअन्वये युद्धप्रसंगी निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार कंपनीच्या मदतीस द्यावयाचे होते. यातूनच पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘कंटिंजंट’ नावाची फौज उभी राहिली. तैनाती फौज निराळी आणि ही निराळी. युद्ध संपले तरी ही फौज संपली नाही. तिचा पगार मात्र निजामाच्या खजिन्यावर चढत राहिला. दिवाण चंदुलालाच्या कारकिर्दीत तो भागविण्यासाठी हैदराबादेतील पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढण्यात आले. या पेढीच्या एका भागीदाराची पत्नी ही गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याची पालित कन्या होती, एवढे सांगितले म्हणजे पेढीस इतकी मोकळीक कशी मिळाली हे ध्यानात येईल. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ हा रेसिडेंट म्हणून आला. त्याने हे प्रकरण उजेडात आणले आणि पेढीचे देणे फेडून तिला दूर करण्यात आले. पण फौज तशीच राहिली, आणि तिचा खर्चही.

पुढे निजामास पगार वेळेवर देववेना. मग कंपनीने आपल्या खजिन्यातून पगार द्यावा आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडावी, असा क्रम पडला. फौज कंपनीच्या हुकुमातली, अधिकारी कंपनीचे, त्यांचा पगार ठरविणार कंपनी. देणे तेवढे निजामाचे! शांततेच्या काळात ही फौज बाळगण्यास निजाम तहाने बांधलेला नाही, हे लॉर्ड डलहौसीने स्वतः मान्य केले होते. तरीही १८५३ च्या मे महिन्यात रेसिडेंट कर्नल लो याच्या विद्यमाने निजामाकडून नवा तह करून घेण्यात आला. फौजेच्या खर्चासाठी आणि कर्जाच्या फेडीसाठी सुमारे पन्नास लाख रुपये ढोबळ उत्पन्नाचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब, इंग्रजांच्या कारभारात गेला. वऱ्हाडास सरकारी कागदांत नाव मिळाले ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’. कर्जापोटी शेत गहाण पडते तसा एक सबंध प्रांत गहाण पडला.

गहाणाच्याही काही रीती असतात. १८५३ च्या तहात असे कलम होते की इंग्रजांनी दरसाल या मुलखाचा जमाखर्च निजामास दाखवावा व शिल्लक राहील ती त्याच्या स्वाधीन करावी. सत्तावन सालच्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या डिसेंबरात पुन्हा तह झाला. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडेच राहिले. आणि या सर्व औदार्याच्या पोटात एक लहानसे कलम होते: मागील, चालू व पुढील, कोणत्याही काळच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागू नये; शिल्लक उरली तर ती त्यास मिळेल, परंतु कारभारावर किती खर्च करावयाचा हे सर्वस्वी इंग्रज सरकारने ठरवावे.

श्रोतेहो, त्या कलमाचे मर्म पाहा. शिल्लक देण्याचे वचन कायम राहिले, आणि शिल्लक किती आहे हे पडताळण्याचे साधन तेवढे काढून घेण्यात आले. सावकाराने कुळास सांगावे, "तुझे उरेल ते तुला देईन, पण वही पाहू नकोस," तशातला हा प्रकार.

वेळही अशी साधली की त्याच सुमारास वऱ्हाडाचे दैव उघडले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसास सोन्याचे मोल आले. आगगाडी वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. अमरावती आणि खामगाव येथील कापसाच्या बाजारांची नावे विलायतेतील व्यापाऱ्यांच्या तोंडी झाली. खामगावच्या लोहमार्गाच्या शाखेसाठी १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. मुलूख समृद्ध होत होता, आणि त्याच्या उत्पन्नाची वही मात्र मिटलेली होती. सर सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, १८७६ मध्ये तो इंग्लंडासही जाऊन आला. पण यश आले नाही. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाडाचा कायमचा पट्टा करून घेतला. मोबदला दरसाल पंचवीस लाख रुपये, ठरीव. म्हणजे पीक कितीही येवो, खंड तोच. १९०३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. ज्या फौजेसाठी हे सारे झाले, ती निराळी फौजही त्याच सुमारास उरली नाही. ती हिंदुस्थान सरकारच्या सैन्यात मिळाली.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. निजामास हिशेब मिळाला असता, तर तो वऱ्हाडच्या कुणब्यास मिळाला असता असे नव्हे. निजामाच्या अमलात रयत सुखी होती, असेही मी म्हणत नाही. वाद दोन धन्यांमधला होता. ज्याच्या घामाचा पैसा, तो दोघांच्याही वहीत केवळ जमेच्या बाजूस होता.

आता याच १८६० सालाची दुसरी बाजू पाहू. वऱ्हाडचा हिशेब ज्या वर्षी बंद झाला, त्याच वर्षी हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक कलकत्त्यास मांडले गेले. उठाव मोडण्यात सरकार कर्जात बुडाले होते. तेव्हा विलायतेहून जेम्स विल्सन यास आणविण्यात आले. हा मूळचा टोप्यांचा कारखानदार; १८४३ मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ पत्र काढून नावारूपास आला. वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज आधी मांडणे, कागदी चलन सरकारने हाती घेणे आणि प्राप्तीवर कर बसविणे, या त्याच्या योजना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो कलकत्त्यासच वारला. आपण आज भरतो त्या प्राप्तिकराचा उगम या पाहुण्याच्या थोड्या महिन्यांच्या कारकिर्दीत आहे. पुढे १८६७ पासून एप्रिल ते मार्च असे सरकारी वर्ष ठरले, तेच आजही चालते.

पण विल्सनने ते अंदाजपत्रक मांडले कोणापुढे? ज्या कौन्सिलात एकही हिंदी मनुष्य नव्हता, त्या कौन्सिलापुढे. वही उघडली खरी, परंतु घरच्या माणसांस खोलीबाहेर ठेवून. त्यांस आत येण्यास आणि बोलण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांस अंदाजपत्रकावर भाषण करण्याची मुभा मिळाली. मत देण्याची नाही.

या मुभेचे सोने केले ते गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. गोखले हे आमच्या पेशातले. फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवीत, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे. १९०२ साली वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार त्या वेळी शिलकेचा गौरव करीत होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी लोक गांजलेले असता सरकारच्या खजिन्यात कोट्यवधी रुपये शिल्लक राहतात, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा नसून कर गरजेपेक्षा अधिक आहेत असा आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. हातात मत नव्हते, सैन्य नव्हते. फक्त बेरीज-वजाबाकी होती. मिठावरचा कर तेव्हा मणास अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. याचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांस देणे बरोबर होणार नाही. १८९७ च्या आपल्या अमरावतीच्या अधिवेशनासह राष्ट्रसभेची कितीतरी अधिवेशने सरकारी खर्चाविषयी ठराव करीत आली होती. परंतु आकड्यांस आकड्यांनी उत्तर देता येते, हे या गणिताच्या शिक्षकाने देशास शिकविले.

१९१९ च्या सुधारणांनी काही खर्चांवर मत देण्याचा अधिकार आला, पण त्यावर व्हाइसरॉयची मोहर होती. १९२३ मध्ये मिठाचा कर सव्वा रुपयावरून पुन्हा अडीच रुपये करण्याचे सरकारने योजिले. मध्यवर्ती विधिमंडळाने तो फेटाळला, आणि व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकाराने तो लादला. त्याच वर्षी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा दुसरा ग्रंथ आला. ज्या विद्वानाने या देशाच्या तिजोरीचा असा कसून अभ्यास केला, तोच पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हा मी आपल्या इतिहासातील मोठा सुयोग समजतो.

स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक षण्मुखम् चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडले. ते साडेसात महिन्यांचे होते. जमा १७१ कोटी १५ लाख, खर्च १९७ कोटी ३९ लाख. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या; निर्वासितांची सोय, धान्याची टंचाई आणि लष्कराचा खर्च यांनी जमाखर्चात २६ कोटींवर तूट आली. ती लपविली गेली नाही, लोकप्रतिनिधींच्या सभेत वाचून दाखविली गेली. मला येथे आमच्या मुख्याध्यापकांची आठवण होते.

१९५० मध्ये राज्यघटना अमलात आली आणि या व्यवहारास पक्की चौकट मिळाली. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर नाही, असे कलम २६५ सांगते. सरकारचे सर्व उत्पन्न संचित निधीत जमा होते, आणि संसदेने कायद्याने मंजुरी दिल्यावाचून त्यातून एक पैसाही बाहेर निघत नाही. वर्षाचा जमाखर्च संसदेपुढे ठेवावा लागतो, आणि तो तपासण्यासाठी महालेखापरीक्षक असतो, ज्यास सरकार सहजी दूर करू शकत नाही. अर्थमंत्रालयाचे आज सहा विभाग आहेत. कर बसविणे व वसूल करणे, निरनिराळ्या खात्यांच्या खर्चास कात्री लावणे, कर्ज व अर्थव्यवहार यांचे धोरण आखणे, बँका व विमा यांजवर लक्ष ठेवणे, सरकारी उद्योग आणि त्यांतील सरकारचे भागभांडवल पाहणे, अशी त्यांची वाटणी आहे. केंद्राच्या करांतील राज्यांचा वाटा दर पाच वर्षांनी वित्त आयोग सुचवितो. २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश व सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असून निर्णयास तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे दिल्लीस एकटीने किल्ली फिरविता येत नाही, आणि राज्यांसही नाही.

चौकट कितीही चांगली असली तरी तीत माणूस लागतो. या गादीवर मराठी माणसे अनेक बसली: यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, मधु दंडवते. त्यांत चिंतामणराव देशमुखांचे नाव पहिले. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्म; १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती; पुढे आय. सी. एस. होऊन मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या सेवेत. या प्रांताच्या अर्थखात्याचे सचिवपद त्यांनी सांभाळले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळात चालली, १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा रसिक, हिशेबात मात्र काटेकोर.

१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले. निर्णय चुकीचा आहे आणि मंत्रिमंडळात त्याचा रीतसर विचारही झाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुलैमध्ये ते मंत्रिपद सोडून बाहेर पडले. हिशेब केवळ पैशाचा नसतो, निर्णयाचाही असतो, हे त्यांनी स्वतःच्या खुर्चीची किंमत देऊन दाखविले. त्यांच्यामागून आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारींच्या वाट्यास निराळा प्रसंग आला. आयुर्विमा महामंडळाचा पैसा एका उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतविला गेल्याचे प्रकरण फिरोज गांधींनी लोकसभेत काढले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांस जावे लागले. एका सभासदाच्या प्रश्नाने देशाचा अर्थमंत्री पायउतार होतो, हे १८६० च्या वऱ्हाडात कोणास स्वप्नातही दिसले नसते.

मग वऱ्हाडचा हिशेब आता चुकता झाला का? १९५३ च्या नागपूर करारात विदर्भास लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा वाटा देण्याचे वचन होते. ते कितपत पाळले गेले, हा वाद पुढे इतका वाढला की १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमावी लागली. रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने यांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे, हे तिने १९८४ मध्ये मोजून दाखविले, आणि ‘अनुशेष’ हा शब्द आमच्याकडे घरोघर झाला. १९९४ मध्ये विकास मंडळ आले; त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या प्रश्नावर आपणांत मतभेद असतील. मला एवढेच म्हणावयाचे आहे की दांडेकर समितीने रागाची भाषा आकड्यांत आणली, आणि ज्या वऱ्हाडास एकेकाळी वही पाहण्याचीच मनाई होती, त्याच्या बाबतीत हे थोडे झाले नाही.

दरवर्षी अर्थमंत्र्यांचे भाषण होते. काय स्वस्त झाले, काय महागले, एवढे ऐकून आपण पेटी बंद करतो. यंदा थोडे अधिक ऐकावे, अशी माझी विनंती आहे. मागील वर्षी जे योजिले होते त्यातले किती खर्च झाले, तूट किती आणि ती कोठून भरणार, हे विचारावे. दिल्लीचे आकडे अवघड वाटतील, तर आपल्या नगरपरिषदेपासून आरंभ करावा. तिचाही जमाखर्च दरवर्षी तयार होतो, आणि तो पाहण्याचा अधिकार आपणांस आहे. मी अलीकडेच आमच्या गावचा पाहून आलो. दोन बेरजा मला समजल्या नाहीत. तेथील लेखापालाने चहा देऊन त्या समजावून सांगितल्या. पुढच्या वर्षी मी पुन्हा जाणार आहे.